गढूळ बिअर: आधी कारण ओळखा, मग पावडर टाका

वाइन उन्हाने गढूळ होते, बिअर थंडीने.

नाशिकच्या वाइनरींना पहिल्या गोष्टीची धास्ती असते. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी चालते. त्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनला पुढे कधीतरी एखादा उन्हाळा ट्रकमध्ये किंवा दुकानाच्या फळीवर काढावा लागतोच. बाटली तापली की द्राक्षातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि नितळ वाइन धुरकट दिसायला लागते. बिअरचं उलटं. खोलीत ठेवलेली बिअर स्वच्छ दिसते, आणि तीच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की सकाळी तिच्यात धुकं उतरलेलं असतं. (सकाळी म्हणजे बघायला. प्यायला नव्हे.)

दोन्हींवरचे उपाय मात्र एकाच कुळातले. फायनिंग एजंट म्हणतात त्यांना. चिमूटभर काहीतरी टाकायचं, त्याने तरंगणारे बारीक कण धरून तळाशी न्यायचे आणि वरचा नितळ भाग अलगद काढून घ्यायचा. माती, समुद्री शेवाळ, माशाच्या पोटातली पिशवी, हाडा-कातड्याचं जिलेटिन, अंड्याचा पांढरा भाग, प्लास्टिकची भुकटी असं काहीही यात सापडतं.

मी दिंडोरीकडच्या एका वाइनरीत लॅबचं काम बघते. माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो आणि घरी बिअर बनवतो. अधूनमधून त्याचा ग्लासचा फोटो येतो आणि खाली ठरलेला प्रश्न, ‘मावशी, जिलेटिन टाकू का?’ माझंही उत्तर ठरलेलं, ‘अरे, गढूळ कशाने झालीय ते सांग आधी.’ या एका वाक्यापलीकडे फायनिंगमध्ये फारसं गूढ नाही. पण ते वाक्य नीट समजायला थोडं रसायनशास्त्र लागतं.

त्याआधी कायद्याचं. लीड्सला चालतं ते नाशिकला चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते पाचच लिटर असो आणि फक्त घरच्यांसाठी असो. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर बनवायला 1963 पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 1978 साली मोकळीक दिली. तेव्हा हा लेख परदेशी राहून हा छंद करणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी, इथे ब्रुअरी-वाइनरीत काम शोधणाऱ्यांसाठी आणि ग्लासात काय चाललंय याचं नुसतं कुतूहल असणाऱ्यांसाठी आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये प्रयोग करायला नाही.

गढूळ कशाने?

पहिला संशयित यीस्ट. साखरेचं अल्कोहोल करणारी ही बुरशी 5 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराची असते. काम संपलं की तिच्या पेशी एकमेकींना धरून गठ्ठ्याने खाली बसतात. काही जाती हे झटपट करतात, इंग्लिश एल या बिअर-प्रकाराच्या बऱ्याच जाती अशा आहेत. जर्मन गव्हाच्या बिअरच्या जाती मात्र आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. गठ्ठे व्हायला पाण्यात कॅल्शियमही लागतं, अगदी मऊ पाण्यात हे काम रेंगाळतं. यीस्टचा गढूळपणा थांबलात तर बहुतेक वेळा आपणहून जातो.

दुसरा संशयित जास्त चलाख आहे. इंग्रजीत त्याला चिल हेझ म्हणतात. जवाच्या दाण्यात हॉर्डिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांच्यात प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) टरफलातून आणि हॉप्स या कडवट फुलांमधून पॉलिफेनॉल येतात. कडक चहाने जीभ आवळते ना, ती याच कुळातल्या द्रव्यांनी. प्रोलीनची जागा आणि पॉलिफेनॉल यांचं छान जमतं, पण त्यांच्यातला बंध कच्चा असतो. थंडीत तो टिकतो, मग दोघांचे मिळून कण होतात आणि प्रकाश विखुरतात. बिअर खोलीच्या तापमानाला आली की बंध सुटतो आणि धुकं विरतं. हे चक्र वारंवार झालं, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळला, की बंध पक्का होतो. मग बिअर गरम करा नाहीतर थंड, धुकं हटत नाही.

तिसरा स्टार्च. जव गरम पाण्यात भिजवून त्यातल्या पिठाची साखर करताना ते काम अर्धवट राहिलं, की न फुटलेलं पीठ थेट बिअरपर्यंत येतं. चौथे जिवाणू आणि आगंतुक यीस्ट. ही बिअर आंबट लागते, कधी वर पातळ साय धरते, कधी बाटलीच्या गळ्याशी आतून कडं दिसतं. आंबा, पेरू असं फळ घातलं असेल तर पेक्टिनचाही (फळातल्या, जॅम घट्ट करणाऱ्या द्रव्याचाही) गढूळपणा येतो. त्याला पेक्टिनेझ नावाचं एन्झाइम लागतं, बाकी कशाचा उपयोग नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. थंडगार बिअर एका स्वच्छ ग्लासात ओता, फोटो काढा आणि ग्लास तासभर टेबलावर राहू द्या. बिअर निवळली तर चिल हेझ. नाही निवळली तर बशी घ्या, पांढरी असेल तर उत्तम. त्यात चमचाभर बिअर आणि टिंचर आयोडीनचा एक थेंब टाका. आयोडीनचा तपकिरी-पिवळा रंग तसाच राहिला तर स्टार्च नाही. थेंबाच्या कडेने निळा-काळा रंग पसरला तर स्टार्च आहे. बशीतली बिअर फेकून द्यायची, चाखायची नाही. तिसरी तपासणी नाकाची आणि जिभेची. आंबट, घोड्याच्या तबेल्यासारखा किंवा औषधी वास येत असेल आणि तो तुम्हाला हवा नव्हता, तर फायनिंगचा विचार सोडा. नितळ झालेली बिघडलेली बिअर बिघडलेलीच असते.

कण खाली का बसत नाहीत

आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेला नियम इथे फार कामाचा आहे. द्रवात कण किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. कण दहापट मोठा झाला की वेग शंभरपट होतो. यीस्टची पेशी जड आणि मोठी, ती दिवसांत खाली येते. चिल हेझचे कण बहुधा एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. त्यांना आजूबाजूचे रेणू सतत धक्के देत असतात. असे कण महिनोन्महिने तरंगू शकतात. फायनिंग एजंट यांना वजन देत नाही, आकार देतो. बारीक कणांचा मोठा गठ्ठा झाला की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं.

गठ्ठा होतो तो विद्युतभारामुळे. बिअरची आम्लता साधारण पीएच 4.2 च्या आसपास असते आणि तिथे यीस्टच्या पेशीवर ऋण भार असतो. सगळ्या पेशी ऋण, म्हणून त्या एकमेकींना लांब ठेवतात. त्यांच्यात धन भाराचं काही सोडलं, की त्याच्याभोवती त्या गोळा होतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण कळशीत तुरटी फिरवतो, तिथे हेच घडतं. मातीच्या कणांवर ऋण भार, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन भार, दोघांचे गठ्ठे तळाला.

मग तुरटीच का नको, असं मला एका पाहुण्यांनी वाइनरी बघताना खरंच विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे. तुरटीचं काम तिच्यापासून पाण्यात तयार होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चिकट साक्याने होतं, आणि तो साका साधारण उदासीन पाण्यात तयार होतो. बिअर किंवा वाइनइतक्या आंबट द्रवात ॲल्युमिनियम विरघळूनच राहतं. बिअर निवळत नाही आणि तोंड मात्र तुरट होतं. म्हणून इथे अशा वस्तू लागतात ज्यांचा भार पीएच 4 च्या आसपासही हवा तसा राहतो आणि ज्या काम झाल्यावर बिअरमध्ये मागे उरत नाहीत.

भारांचं हे गणित एकदा डोक्यात बसलं की कुठली पावडर कुठे, हे पाठ करावं लागत नाही. यीस्टवर ऋण भार, म्हणजे त्याला धन भाराचं औषध. प्रथिनांवर धन भार, म्हणजे त्यांना ऋण भाराचं. पॉलिफेनॉलवर सांगण्यासारखा भार नसतो, तिथे प्रोलीनसारखी दिसणारी एखादी वस्तू आमिष म्हणून टाकायची.

उकळत्या भांड्यातलं शेवाळ

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी कदर होणारं फायनिंग बिअर तयार होण्याच्या आधीच होतं. हॉप्स घालून जवाचा गोड रस उकळत असतो (या रसाला वर्ट म्हणतात), तेव्हा शेवटच्या 10-15 मिनिटांत आयरिश मॉस टाकतात. नावात मॉस असलं तरी ते लाल समुद्री शेवाळ आहे, कॉन्ड्रस क्रिस्पस. त्यातलं कॅराजिनन हे द्रव्य आपल्याला आइस्क्रीममुळे ओळखीचं आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या बाजूला, कॅराजिननसाठी दुसऱ्या एका शेवाळाची शेतीही होते. कॅराजिननवर ऋण भार असतो आणि ते प्रथिनांना धरतं. रस थंड झाला की गरम डाळीवर येतात तशा पांढरट गुठळ्या दिसू लागतात आणि तळाशी जातात.

वीस लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे 3 ते 5 ग्रॅम पुरतं. आधी थोडं पाण्यात भिजवलं तर बरं. शुद्ध कॅराजिननच्या गोळ्या मिळतात, त्या वीस लिटरला अर्धी ते एक. जास्त टाकली तर बिअर जास्त नितळ होत नाही, तळाशी फुगीर गाळ वाढतो आणि तेवढी बिअर वाया जाते. तासभर आधी टाकली तर उकळून कॅराजिनन तुटतं. थंड बिअरमध्ये टाकून तर काहीच होत नाही, कारण विरघळायलाच त्याला उष्णता लागते.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी फुकट मिळतात. खळखळून तासभर उकळणं आणि नंतर रस झटकन थंड करणं. रस अर्ध्या तासाच्या आत 20 अंशांच्या आसपास आणला तर चिल हेझची पुष्कळशी प्रथिनं तिथेच गुठळी होऊन पडतात. हे ज्याने नीट केलं त्याला पुढे जिलेटिनचा डबा उघडायची वेळ क्वचित येते.

थंडीतलं जिलेटिन

आता भाच्याचा लाडका विषय. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजनपासून बनतं. बिअरच्या आम्लतेत त्यावर धन भार असतो, म्हणून ते यीस्टला ओढतं आणि प्रथिन-पॉलिफेनॉलच्या कणांनाही सोबत घेऊन जातं. पण एक अट आहे: बिअर आधीच थंड हवी. कारण चिल हेझचे कण थंडीतच तयार होतात. वीस अंशांच्या बिअरमध्ये ते कण नाहीतच, मग जिलेटिन धरणार काय? यीस्ट तेवढं खाली जाईल आणि बाटली फ्रीजमध्ये गेली की धुकं पुन्हा हजर. घरी जिलेटिन वापरून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं.

म्हणून आधी खात्री करायची की आंबणं संपलंय. हायड्रोमीटरवरचा (द्रवाची घनता आणि त्यावरून उरलेली साखर दाखवणाऱ्या नळीवरचा) आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस तोच आला पाहिजे. घाईने यीस्ट खाली बसवलं तर त्याने शेवटी जी साफसफाई करायची असते ती राहून जाते आणि बिअरला लोण्यासारखा वास येतो. तो डायअसेटिल नावाच्या द्रव्याचा. आकडा स्थिर झाला की बिअर 1 ते 4 अंशांवर आणायची आणि एक दिवस तशीच राहू द्यायची. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि बागायतदार घड वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. बिअरला तेवढी थंडी एक रात्र नाही, दिवसरात्र सलग लागते, म्हणून फ्रीजला पर्याय नाही.

मग वाटीत 100-150 मिली थंड पाणी घ्यायचं आणि वरून 2 ते 3 ग्रॅम जिलेटिन भुरभुरायचं. एवढं वीस लिटरला पुरतं. दहा मिनिटांत दाणे पाणी पिऊन फुगतात, साबुदाण्याइतके नाही, पण बोटाला मऊ लागतात. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हलवत 65-70 अंशांपर्यंत आणायचं. दाणे दिसेनासे झाले आणि पाणी किंचित पिवळट, पारदर्शक झालं की उतरवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि पकड जाते. हे गरम पाणी थंड बिअरमध्ये अलगद ओतायचं आणि झाकण लावायचं. ढवळाढवळ नको. दोन-तीन दिवसांत तळाशी मऊ, डळमळीत थर बसतो. नळी त्या थराच्या वर राहील अशी धरून बिअर काढायची. शेवटचा अर्धा लिटर सोडून द्यायची तयारी हवी. तो वाचवायला गेलात की सगळा थर नळीतून बाटल्यांत.

झाकण उघडायला मी फार घाबरते, त्याचं कारण ऑक्सिजन. थंड बिअरमध्ये तो जास्त विरघळतो, आणि आंबणं संपल्यावर तो गिळायला कामाला लागलेलं यीस्टही उरलेलं नसतं. हॉप्सचा ताजा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. शिवाय बिअर थंड करताना आकुंचन पावते आणि वरच्या एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढते. कीगची (बिअरच्या धातूच्या बंद पिंपाची) सोय असेल तर कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखालीच हे सगळं करावं. नसेल तर जिलेटिन टाकण्याआधी स्वतःला विचारावं, पाच दिवस नुसत्या थंडीत ठेवून भागतंय का? बऱ्याचदा भागतं.

मासा, अंडं आणि शाकाहारी पाहुणे

वाइनरीच्या टूरवर येणारे लोक टॅनिन-बिनिन विचारत नाहीत. ते विचारतात, ‘मॅडम, ही व्हेज आहे ना?’ पंचवटीतून येणारी कुटुंबं तर हमखास. बिअर चालते पण मासा चालत नाही, असे शाकाहारी आपल्याकडे पुष्कळ आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

ब्रिटनच्या पिंपातल्या पारंपरिक एलमध्ये आयझिंग्लास वापरतात. माशाच्या पोटात तरंगायला हवेची पिशवी असते, तिच्यातलं जवळजवळ शुद्ध कोलॅजन म्हणजे आयझिंग्लास. पूर्वी ते स्टर्जन माशाचं असे, पुढे उष्ण समुद्रातल्या माशांचं यायला लागलं. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पिशवीला जो सोन्याचा भाव येतो, ती पिशवी म्हणजे हीच. आयझिंग्लासची साखळी जिलेटिनपेक्षा लांब, म्हणून यीस्टवरची पकडही जास्त. पिंप हलवलं, गाळ उठला, तरी तो पुन्हा बसतो, आणि पबवाल्यांना तेच हवं असतं. पण ते नाजूक. वीस अंशांच्या वर फार वेळ राहिलं की त्याचं साधं जिलेटिन होऊन जातं. नाशिकच्या एप्रिलमध्ये त्याचा निभाव लागणं कठीण. गिनेसने 2015 मध्ये आयझिंग्लास बंद करून नवी गाळणयंत्रणा बसवत असल्याचं जाहीर केलं, ते शाकाहारी आणि व्हीगन ग्राहकांच्या आग्रहानंतर.

वाइनमध्ये अंड्याचा पांढरा भाग लाल वाइनचं टॅनिन (तोंड आवळणारं पॉलिफेनॉल) मऊ करायला आणि दुधातलं केसीन पांढऱ्या वाइनचा तपकिरीपणा काढायला वापरतात. युरोपात 2012 पासून यांचा अंश उरला असेल तर लेबलवर लिहावं लागतं, कारण ॲलर्जीचा प्रश्न आहे. फायनिंगसाठी वापरलेल्या आयझिंग्लासला मात्र तिथे त्यातून सूट आहे.

घरी करणाऱ्यांना शाकाहारी पर्याय भरपूर आहेत. शेवाळाचं सांगितलंच. चायना ग्रासचं नाव लोक हमखास काढतात, कारण जेलीत ते जिलेटिनची जागा घेतं. इथे ते घेत नाही. जेली बांधणं वेगळं आणि यीस्ट ओढणं वेगळं. त्यावर धन भारच नाही. त्यापेक्षा सिलिका आणि कायटोसॅनची जोडी बघा. आधी ऋण भाराचं सिलिकाचं द्रावण टाकतात, ते प्रथिनं धरतं. काही तासांनी धन भाराचं कायटोसॅन टाकतात, ते उरलेलं यीस्ट आणि सिलिकाचे कण एकत्र करून खाली नेतं. क्रम उलटा करायचा नाही. फक्त कायटोसॅनची बाटली नीट वाचायची. ते कोळंबी-खेकड्याच्या कवचाचंही असतं आणि बुरशीपासून केलेलंही.

आमिष आणि कात्री

पॉलिफेनॉलला पकडायला पीव्हीपीपी नावाची पांढरी भुकटी असते. ती खरं तर न विरघळणारं प्लास्टिक आहे आणि तिची रचना प्रोलीनशी मिळतीजुळती आहे. पॉलिफेनॉल फसतं आणि प्रथिनाला सोडून तिला चिकटतं. वीस लिटरला 5 ते 10 ग्रॅम पुरतं, काम काही तासांत होतं, पण ती पूर्ण खाली बसू देणं किंवा गाळून काढणं आवश्यक आहे. जर्मनीत 1516 च्या शुद्धता नियमाचा केवढा अभिमान, जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही नको म्हणणारा तो नियम. तरीही तिथल्या कायद्याला पीव्हीपीपी आणि सिलिका जेल चालतात, कारण ती बिअरमध्ये राहत नाहीत. मला हा युक्तिवाद पटतो, पण नितळपणाचा मोह जर्मनांनाही सुटलेला नाही हे त्यातून कळतंच.

दुसरा मार्ग कात्रीचा. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारं एक एन्झाइम प्रथिनाला नेमकं प्रोलीनच्या जागी कापतं. थंड झालेल्या रसात यीस्टसोबत काही थेंब टाकले की झालं. झाकण पुन्हा उघडायला नको, गाळ वाढत नाही, फेसही टिकतो. ग्लुटेनही बरंच कमी होतं, पण सिलिअ‍ॅक आजार (ज्यात ग्लुटेन हे धान्यातलं प्रथिन सोसत नाही) असलेल्या माणसाने त्या भरवशावर बिअर पिऊ नये. पैसे खर्चायचे असतील तर मी भाच्याला याच्यावर खर्च म्हणते. चिल हेझ सोडून दुसऱ्या कुठल्या गढूळपणावर याचा उपयोग नाही, हे तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि बेंटोनाइट? आमच्या लॅबमधली सगळ्यात लाडकी वस्तू ही. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती, आपल्याकडे कच्छ आणि बाडमेरमध्ये निघते. गरम पाण्यावर भुरभुरून रात्रभर फुगवली की तिचे पापुद्रे सुटतात आणि त्या ऋण भाराच्या पापुद्र्यांवर वाइनमधली प्रथिनं जाऊन बसतात. शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन उन्हाळ्याला तोंड देते ती हिच्या जोरावर. बिअरमध्ये मात्र ती टाकू नये. बेंटोनाइट प्रथिनांत निवड करत नाही. वाइनला फेस नसतो, त्यामुळे सगळी प्रथिनं गेली तरी बिघडत नाही. बिअरचा फेस प्रथिनांवरच उभा असतो. धुक्यासोबत फेसही जाईल आणि ग्लासात नितळ, पण चपटी बिअर उरेल.

आधी थोड्यावर करून बघा

वाइनरीतली एक सवय घरगुती बिअरवाल्यांनी जरूर उचलावी. आम्ही हजारो लिटरच्या टाकीत अंदाजाने काही टाकत नाही. 100 मिलीच्या नळकांड्यांची ओळ लावतो, प्रत्येकात बेंटोनाइटची मात्रा थोडी थोडी वाढवत नेतो. निवळलेली वाइन गाळून 80 अंशांवर काही तास तापवतो, थंड करतो आणि धूसरपणा मोजतो. ज्या सगळ्यात कमी मात्रेला वाइन स्वच्छ राहिली ती टाकीसाठी ठरते. त्याहून जास्त टाकलं तर वासही जातो, आणि शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला वास मातीला देण्यात काय अर्थ?

बिअरला हीच परीक्षा थंडीत द्यायची. एक लिटरच्या तीन बाटल्या, एकीत काहीच नाही, दुसरीत अर्धी मात्रा, तिसरीत पूर्ण. तीन दिवस फ्रीजमध्ये. मागे छापील कागद धरून बघा, अक्षरं कुठल्या बाटलीतून वाचता येतात. मग तिन्ही चाखा. काहीच न टाकलेली बाटली इतरांइतकीच नितळ निघाली, तर कारण यीस्टचं होतं आणि पावडरचे पैसे वाचले.

काही बिअर तर निवळूच नयेत. गव्हाची जर्मन बिअर गढूळ असते ती यीस्ट आणि गव्हाच्या प्रथिनांमुळे, तिची चव त्यातच आहे. हल्लीच्या गढूळ आयपीएमध्ये (हॉप्सवर भर असलेल्या एलमध्ये) ओट्स, गहू आणि भरमसाट हॉप्स मुद्दाम घालतात. जिलेटिन टाकलं तर हॉप्सची तेलंही त्या कणांसोबत खाली जातात. पिल्सनरची गोष्ट वेगळी. आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरात 1842 साली योसेफ ग्रोलने ती सोनेरी बिअर पहिल्यांदा बनवली, आणि काचेचे ग्लास स्वस्त होत गेले तसं लोक बिअर पिण्याआधी बघायला लागले. तिला धुकं शोभत नाही.

बाटलीतच फेस धरायचा असेल तर फायनिंगनंतर यीस्ट उरेल का, ही शंका सगळ्यांना येते. उरतं. डोळ्यांना पूर्ण नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही मिलीलिटरला हजारो पेशी असतात आणि साखर मिळाली की त्या पुन्हा कामाला लागतात, फक्त काही दिवस जास्त घेतात. बिअर महिनाभर किंवा त्याहून जास्त थंडीत राहिली असेल तर बाटल्या भरताना चिमूटभर कोरडं यीस्ट घालावं. बाटल्या आधी खोलीच्या उबेत ठेवायच्या, फेस धरला की फ्रीजमध्ये, आणि त्या उभ्याच ठेवायच्या.